वाटणीनंतरचे वार्धक्य

वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’ (१९७०) या नाटकातील शोकात्मता केवळ मुलांच्या कृतघ्नतेत शोधणे अपुरे ठरते. गणपतराव बेलवलकर निवृत्त होताच सारी मिळकत मुलांना वाटून देतात आणि त्याच क्षणी कुटुंबप्रमुखाचे आश्रित होतात. रंगभूमीवरील कीर्ती घरात कामी येत नाही. मुलीच्या घरी त्यांच्यावर चोरीचा आळ येतो.

प्रेमचंदांच्या ‘बूढ़ी काकी’ या हिंदी कथेत ही अवनती अन्नापर्यंत पोचते. पुतण्याच्या नावे मालमत्ता करून देणारी काकी घरच्याच समारंभात उपाशी राहते आणि अखेर उष्ट्या पत्रावळींकडे वळते. बेलवलकरांजवळ दुःख मांडायला भाषा तरी आहे. काकीजवळ तीही नाही.

जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’तील नाना-नानींना मात्र स्वतःचे घर आहे. त्यांना कोणी घालवून देत नाही. पण मुलगे दूर गेल्याने ते घर रिकामे आहे.

या तिन्ही कृती एकत्र वाचल्या असता संपत्तीचे सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात. ती हाती असेतो वृद्धाचा मान टिकतो. सोबत मात्र तिच्या बळावर मिळत नाही. पदपथावर बूटपॉलिशवाल्या राजाने बेलवलकरांना दिलेला जिव्हाळा म्हणूनच मोलाचा ठरतो. तेथे वाटून घेण्याजोगे काहीच उरलेले नसते.