समुद्राने आणून दिलेले मूल

एम. एल. स्टेडमन या ऑस्ट्रेलियन लेखिकेची ‘द लाइट बिटवीन ओशन्स’ ही पहिली कादंबरी २०१२ साली निघाली आणि देशोदेशी खपली. २०१६ साली तिच्यावर चित्रपटही आला. इतक्या लोकांना रडवणाऱ्या पुस्तकाविषयी तक्रार करणे जिवावर येते. पण तक्रार आहे, आणि ती या रडवण्याविषयीच आहे.

कथानक थोडक्यात असे. पहिल्या महायुद्धातून परतलेला टॉम शेरबोर्न पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यापासून दूर, जॅनस नावाच्या एका कल्पित बेटावर दीपगृहाचा रखवालदार होतो. इझाबेल नावाची तरुण मुलगी त्याच्याशी लग्न करून तेथे येते. तीन महिन्यांनी एकदा सामानाची बोट. एरवी वारा, समुद्र आणि ही दोघे. तिचे दोन गर्भ पडतात, तिसरे मूल मेलेलेच जन्मते. त्यानंतर पंधरा दिवसांच्या आत, १९२६ च्या एप्रिलमध्ये, एक होडी बेटाला लागते. आत एक मेलेला पुरुष आणि एक जिवंत तान्ही मुलगी. टॉम ही गोष्ट सरकारी नोंदवहीत लिहू पाहतो, इझाबेल त्याला थोपवते. माणूस पुरला जातो आणि मुलगी ‘ल्यूसी’ होते. पुढे सुटीवर गावात आल्यावर कळते, की मुलीची आई हॅना जिवंत आहे आणि अजून वाट पाहते आहे.

येथवरचा भाग मला मनापासून आवडला. विशेषतः ती नोंदवही. दिवा केव्हा लावला, वारा कोणता होता, हे टॉम रोज इमानाने लिहितो. युद्धात माणसे मारून आलेल्या या गृहस्थाला त्या रुक्ष नोंदींत मनाची स्वच्छता सापडली आहे. त्याचे पाप एवढेच, की एका दिवशीची एक गोष्ट त्याने लिहिली नाही. हजेरीपट भरण्यात आयुष्य चालले आहे म्हणून असेल, पण ती न लिहिलेली ओळ मला पुस्तकातल्या सगळ्या वादळांहून भयंकर वाटली.

मात्र यानंतर लेखिका प्रत्येकाची वकिली करू लागते. इझाबेलला दोष लागू नये म्हणून आधीचे तीन आघात; टॉमला लागू नये म्हणून युद्ध. हॅना कठोर वाटू नये म्हणून तिच्या तोंडी एक विलक्षण देकार घातला आहे: तू नवऱ्याविरुद्ध साक्ष दे, मी मूल तुला परत देते. पोर झुरते आहे हे पाहून जन्मदात्री आईच हात सोडायला तयार होते! या एका देकारात अख्खी कादंबरी होती. लेखिका तो चार पानांत उरकते आणि सगळ्यांना पुन्हा सज्जन करून मोकळी होते. कोणाचाच अपराध नाही असे ठरले, की दुःख उरते, पण त्याची धार जाते.

आणि मूल? चार वर्षांची ल्यूसी एका दिवसात ‘ग्रेस’ होते. हॅनाच्या घरातून ती दीपगृह शोधायला पळून जाते, तेवढा भाग उत्तम उतरला आहे. नाव बदललेले मूल वर्गात हाक मारल्यावर क्षणभर गप्प राहते, हे आम्ही मास्तर लोक पाहतो. त्या क्षणभराची कादंबरी मला हवी होती. लेखिका पडदा पाडते तो एकदम १९५० साली उघडते. मुलगी आता मोठी झाली आहे, स्वतःचे बाळ घेऊन टॉमला भेटायला येते, आणि मनात कडवटपणा म्हणून नाही. मधली वीस वर्षे गेली कोठे?

आपल्याकडे हा विषय फार जुना आहे. उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला त्याच्या जन्माचे रहस्य सांगतो, तेव्हा कर्ण म्हणतो, माझ्यासाठी राधेला पान्हा फुटला, तिने माझे मलमूत्र काढले, तिला मी कसा सोडू? इझाबेलही ल्यूसीला अंगावर पाजते. पण महाभारतात त्या दुधाची साक्ष देतो तो वाढलेला मुलगा. राधा स्वतः काही मागत नाही. स्टेडमनबाईंच्या पुस्तकात वात्सल्याविषयी सगळे बोलतात, मुलाला मात्र बोलण्याची पाळीच येत नाही.

ही ऐतिहासिक कादंबरी म्हणवते, म्हणून आणखी एक गोष्ट विचारायला हवी. होडीतला मृत पुरुष ऑस्ट्रियन. युद्धातल्या वैराने पिसाळलेल्या जमावाला भिऊन तो समुद्रावर पळालेला. इतिहासाचा हा धागा कथेत खरोखर विणला गेला आहे. पण त्याच पश्चिम ऑस्ट्रेलियात, १९०५ च्या कायद्याने, मूळ रहिवाशांच्या सोळा वर्षांखालील प्रत्येक मुलाचा पालक एक सरकारी अधिकारी ठरला होता, आणि १९१५ पासून त्या जागेवर ए. ओ. नेव्हिल हे गृहस्थ होते. आयांच्या कुशीतून मुले उचलून सरकारी वसाहतींत नेली जात होती. २००८ च्या फेब्रुवारीत पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत त्याबद्दल माफी मागितली. ही कादंबरी त्यानंतर चार वर्षांनी आली. दुसऱ्याचे मूल आपले म्हणण्याचा हक्क कोणाला, हाच जिचा प्रश्न, त्या कादंबरीच्या कथानकावर या साऱ्याची सावलीही पडू नये? लेखिकेने मूळ रहिवाशांवर लिहायलाच हवे होते असे मी म्हणत नाही. पण एका गोऱ्या मुलीसाठी सगळे गाव हळहळते, त्याच राज्यात कायदाच मुले नेतो, हा विरोध कोणाच्या तरी मनाला चाटून जायला हवा होता.

डोरिस पिल्किंग्टन यांचे ‘फॉलो द रॅबिट-प्रूफ फेन्स’ हे १९९६ चे लहानसे पुस्तक याच्या शेजारी ठेवून वाचावे. त्यात कोणी फारसे रडत नाही. १९३१ साली लेखिकेची आई मॉली आणि तिच्या दोन बहिणी मूर रिव्हरच्या वसाहतीतून पळाल्या आणि सशांसाठी घातलेल्या कुंपणाच्या कडेने घराकडे चालत निघाल्या. दीड हजारांहून अधिक किलोमीटर. तिघींतल्या एकीचे नाव ग्रेसी होते. ती वाटेत पुन्हा पकडली गेली. बाकीच्या दोघी घरी पोचल्या.