ऑफस्पिन: तंत्राची आजची स्थिती

उजव्या हाताच्या गोलंदाजाने बोटांनी फिरवलेला आणि टप्पा पडल्यावर उजव्या फलंदाजाच्या आत येणारा चेंडू म्हणजे ऑफब्रेक. फिरकीतला हा सर्वांत सोपा प्रकार समजला जातो आणि या समजुतीनेच त्याचे सर्वाधिक नुकसान केले आहे. लेगस्पिन अवघड, म्हणून ती शिकवायला जाणकार शोधला जातो. ज्याला वेगवान मारा जमत नाही आणि ज्याची फलंदाजी बरी आहे, अशा मुलाला मात्र 'तू ऑफस्पिन टाक' म्हणून मोकळे केले जाते. वास्तविक कसोटीत सर्वाधिक ८०० बळी घेणारा मुथय्या मुरलीधरन ऑफस्पिनरच होता. एका कसोटीत १९ बळींचा जिम लेकरचा १९५६ मधला विक्रम आजही अबाधित आहे. डिसेंबर २०२४ मध्ये निवृत्त झालेला रविचंद्रन अश्विन ५३७ बळींवर थांबला.

तंत्राची सुरुवात पकडीपासून होते. तर्जनी आणि मधले बोट शिवणीवर आडवी येतात, दोन्हींमध्ये शक्य तेवढे अंतर राहते आणि चेंडूला पीळ मुख्यतः तर्जनीच्या वरच्या पेराने बसतो. अंगठ्याचे काम नाममात्र. दाराची मूठ फिरवल्यासारखा हात फिरवायचा, ही सूचना नेटमध्ये हमखास ऐकू येते. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. मूठ फिरवताना माणूस जागच्या जागी उभा असतो आणि काम एकट्या मनगटाचे असते. ऑफब्रेकचा पीळ मात्र जमिनीपासून वर चढत जातो. डावा खांदा फलंदाजाकडे, डावा हात उंच, मग डावे पाऊल टेकताच त्याच्या चवड्यावर सारे शरीर वळते: आधी कंबर, मागोमाग खांदे आणि शेवटी बोटे. उजवा गुडघा जोराने पुढे येतो आणि हात शरीर ओलांडून डाव्या मांडीबाहेर जातो. डावा हात लवकर खाली पडला, छाती आधीच उघडली किंवा डावा गुडघा वाकला, तर हे वळण मधेच तुटते आणि चेंडू फिरवला न जाता ढकलला जातो. चेंडू फिरत नाही अशी ज्यांची तक्रार असते, त्यांच्या बोटांत दोष क्वचितच सापडतो. तो बहुधा पुढच्या पावलात असतो.

पीळ किती आहे याइतकेच तो कोणत्या दिशेने आहे यालाही महत्त्व आहे. फिरकीचा आस पूर्ण आडवा असेल, तर चेंडू पुढच्या दिशेने गरगरतो, हवेत एकदम खाली येतो आणि टप्प्यावरून उसळतो. आस चेंडूच्या मार्गाच्या दिशेने असेल, तर वळण जास्त मिळते पण उसळी कमी होते. चांगला ऑफस्पिनर शिवण साधारण लेग स्लिपच्या दिशेने तिरकी ठेवून या दोहोंचा मेळ घालतो. असा चेंडू हवेत उजव्या फलंदाजापासून थोडा दूर सरकतो, अपेक्षेपेक्षा अलीकडे पडतो आणि मग आत वळतो. पुढे आलेला फलंदाज चेंडूपर्यंत पोहोचतच नाही. इरापल्ली प्रसन्ना यांची थोरवी नेमकी इथे होती. ४९ कसोटींतल्या त्यांच्या १८९ बळींमागे खेळपट्टीइतकाच हवेचाही वाटा होता. मुंबईच्या रमेश पोवारने हाच धागा धरून चेंडूला उंची द्यायचे धाडस केले. त्याला २००७ मध्ये दोनच कसोटी सामने मिळाले.

गेल्या दोन दशकांत खरी प्रगती झाली ती दिशेच्या आणि कोनाच्या विचारात. पूर्वी डावखुरा फलंदाज पुढचा पाय टाकून चेंडू पॅडवर घेत असे आणि पंच बहुधा नाबादच देत. चेंडूचा पुढचा मार्ग दाखवणारी पंचनिर्णय फेरविचार पद्धत आली आणि हे कवच गळून पडले. इंग्लंडच्या ग्रॅम स्वानने याचा फायदा सर्वांत आधी उठवला. राउंड द विकेट येऊन चेंडू कोनाने आत आणायचा, तो यष्ट्यांच्या रेषेत पाडायचा आणि तिथून थोडा सरळ करायचा. मग पायचीत आणि स्लिपमधला झेल या दोन्ही शक्यता एकाच चेंडूत राहतात. ओव्हर द विकेटवरून तोच चेंडू बहुतेक वेळा लेग यष्टीबाहेर पडतो आणि पायचीताचा प्रश्नच मिटतो. अश्विनने हा विचार आणखी पुढे नेला. क्रीजची पूर्ण रुंदी वापरणे, हाताची उंची बदलणे, एकाच षटकात तीन वेगळे कोन दाखवणे यांतून डावखुऱ्यांचे दोनशेहून अधिक बळी घेणारा तो पहिला कसोटी गोलंदाज ठरला. ऑफस्पिनच्या साऱ्या इतिहासात कोनाचा इतका सखोल अभ्यास दुसऱ्या कोणी केलेला दिसत नाही.

विविधतेच्या बाबतीत मात्र चित्र इतके उजळ नाही. सकलेन मुश्ताकने १९९० च्या दशकात 'दूसरा' प्रचारात आणला आणि ऑफस्पिनरला बाहेर जाणारा चेंडू मिळाला. पण तो टाकताना बहुतेकांचा कोपर वाकून सरळ होतो. कोपराच्या हालचालीला १५ अंशांची मर्यादा आहे. तिच्या तपासणीत २०१४ मध्ये सईद अजमलवर बंदी आली. शैली बदलून तो परतला खरा, पण पहिली धार गेली होती. दूसराचे युग तिथेच ओसरले. श्रीलंकेच्या अजंता मेंडिसने लोकप्रिय केलेला, मधल्या बोटाने टिचकी मारून सोडायचा कॅरम बॉल नियमात बसतो आणि अश्विनने तो उत्तम वापरला. परंतु शाळकरी मुले ऑफब्रेक पक्का व्हायच्या आधीच त्याच्या मागे लागतात, ही आजची मोठी चूक आहे. याउलट ऑस्ट्रेलियाच्या नेथन लायनने दूसरा किंवा कॅरम बॉल यांच्या आधाराविना, भरपूर पिळाच्या आणि उसळणाऱ्या मूळ चेंडूवर पाचशेहून अधिक कसोटी बळी मिळवले, तेही बहुतांशी शिवण लवकर दबणाऱ्या कूकाबुरा चेंडूने.

टी-२० ने ऑफस्पिनरला रोजगार दिला आणि त्याची उंची काढून घेतली. चार षटकांत धावा रोखायच्या म्हटल्यावर चेंडू सपाट, जोरात आणि पॅडवर येतो. हात जोरात फिरतो, शरीर वळत नाही. या सपाट माऱ्यालाही यश मिळू शकते: ऑक्टोबर २०२४ मध्ये गहुंजेच्या कसोटीत वॉशिंग्टन सुंदरने ५९ धावांत ७ बळी घेतले, त्यांतले पाच त्रिफळाचीत. यष्ट्यांवर अचूक मारा म्हणजे काय, याचा तो धडा होता. पण तसा मारा खेळपट्टीच्या मदतीवर अवलंबून राहतो. मूळ तंत्र किती पुढे नेते हे दक्षिण आफ्रिकेच्या सायमन हार्मरने दाखवले. २०१५ च्या भारत दौऱ्यानंतर संघाबाहेर गेलेला हा गोलंदाज मुंबईत येऊन फिरकीचे धडे घेऊन गेला आणि २०२५ मध्ये भारतातच दोन कसोटींत १७ बळी घेऊन मालिकावीर ठरला. त्याच वर्षी नोव्हेंबरात नवी मुंबईत महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दीप्ती शर्माने ३९ धावांत ५ बळी घेतले. महिला क्रिकेटमध्ये वेग कमी असल्याने चेंडू हवेत अधिक काळ राहतो. ऑफस्पिनच्या जुन्या गुणांना आज सर्वाधिक वाव तिथेच आहे.

सुधारणेचा क्रम यावरून ठरतो: आधी पीळ, मग टप्पा, त्यानंतर कोन आणि सर्वांत शेवटी विविधता. टप्पा आधी आणि पीळ नंतर, हा उलटा क्रम बहुतेक ठिकाणी चालतो, कारण तो सामने लवकर जिंकून देतो. टप्पा सरावाने केव्हाही येतो, पण ढकलायची सवय लागलेल्या हाताला पंधराव्या वर्षानंतर पीळ शिकवणे फार कठीण. सरावासाठी फार साधने लागत नाहीत. अर्ध्या अंतरावरून उभ्याउभ्या शिवण पाहत चेंडू फिरवणे, फलंदाजाच्या डोळ्यांच्या रेषेवर दोरी बांधून तिच्यावरून चेंडू टाकणे, एका पावलावर पूर्ण वळून तोल सांभाळणे, एवढे रोज झाले तरी पुष्कळ.

मुख्य अडचण मुलांच्या वयाची आणि मापांची आहे. पुरुषांचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो, तर तेरा वर्षांखालील मुलांसाठी नियमांत १३३ ते १४४ ग्रॅमचा लहान चेंडू सांगितला आहे. दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या बोटांत मोठा चेंडू बसत नाही, आणि बावीस यार्डांवर तो पोहोचवायचा म्हणजे ढकलण्याशिवाय त्याला मार्ग उरत नाही. शालेय स्पर्धांच्या आयोजकांनी या वयोगटाला लहान चेंडू आणि छोटी खेळपट्टी सक्तीची करावी, आणि प्रशिक्षकांनी पहिली दोन वर्षे ऑफस्पिनरच्या षटकांतल्या धावा मोजू नयेत.