एसावचे अश्रू : संहिता आणि भाष्यपरंपरा

उत्पत्तीच्या पुस्तकातील याकोब आणि एसाव या जुळ्या भावांची कथा ज्यू भाष्यपरंपरेने प्रायः सज्जन आणि दुर्जन यांची कथा म्हणून वाचली. याकोब तंबूत राहणारा, म्हणून विद्याव्यासंगी. एसाव शिकारी, म्हणून हिंस्र. बाबिलोनी तालमूदातील ‘बाबा बत्रा’ या ग्रंथात तर एसावने ज्येष्ठत्वाचा हक्क विकला त्याच दिवशी पाच पातके केल्याचे म्हटले आहे. मूळ संहितेत त्यांपैकी एकच आढळते : ज्येष्ठत्वाची अवहेलना. उरलेली चार भाष्यकारांची भर आहे.

संहितेचा निवेदक मितभाषी आहे. आंधळ्या इसहाकाला फसवून याकोब आशीर्वाद मिळवतो. एसाव हंबरडा फोडतो. याकोबाच्या कृत्यावर निवेदक स्वतः काहीच बोलत नाही. त्याचा निवाडा रचनेतून व्यक्त होतो. इसहाक याकोबाचे कृत्य ‘कपट’ ठरवतो. त्याच हिब्रू धातूपासून आलेले क्रियापद पुढे, राहेलऐवजी लेआ पदरी पडल्यावर, याकोबाच्याच तोंडी येते. बापाच्या अंधत्वाच्या आडोशाने धाकट्याने थोरल्याची जागा घेतली होती. रात्रीच्या अंधारात थोरलीने धाकटीची जागा घेतली.

असे असता एसावचे चित्र इतके काळे का झाले? उत्तर इतिहासात आहे. एसाव हा अदोमी लोकांचा मूळपुरुष. इ. स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले, १३५ मध्ये बार कोखबाचे बंड चिरडले. पुढे रब्बींच्या वाङ्मयात ‘अदोम’ हे रोमचे नाव झाले. एसाववर लादलेल्या पातकांत पराभूत समाजाचा साम्राज्याविषयीचा क्रोध आहे. तो क्रोध समजण्याजोगा आहे. परंतु व्यक्ती एकदा राष्ट्राचे चिन्ह झाली की तिचे अश्रूही संशयास्पद ठरतात. तेहेतिसाव्या अध्यायात एसाव धावत येऊन भावाला मिठी मारतो, त्याचे चुंबन घेतो. ‘चुंबन’ दर्शविणाऱ्या हिब्रू शब्दावर पारंपरिक हस्तलिखितांत टिंबे आहेत. त्यांच्या आधारे ‘बेरेशीत रब्बा’तील एक मत सांगते की, एसाव चावायला आला होता.

तथापि परंपराही एकसुरी नाही. त्याच ग्रंथात हे चुंबन मनःपूर्वक होते, असे रब्बी शिमोन बेन एलाझार यांचे मत नोंदलेले आहे. एसावच्या हंबरड्याची परतफेड याकोबाच्या वंशजाला, एस्तेरच्या कथेतील मर्दखयाला, तशाच आक्रोशाने करावी लागली, असेही तेथे म्हटले आहे. धर्मशास्त्रातही हा ताण दिसतो : मलाखीत देव एसावचा द्वेष केल्याचे सांगतो, तर अनुवादाच्या पुस्तकात अदोमी हा भाऊ आहे, त्याचा तिरस्कार करू नये, अशी आज्ञा आहे.

म्हणून एसावला निर्दोष आणि याकोबाला खलपुरुष ठरविणारे उलटे वाचनही अपुरेच. त्यात पात्रे बदलतात, द्वंद्व तसेच राहते. संहिता कृतींचा हिशेब ठेवते, माणसांवर शिक्के मारीत नाही. भेटीच्या वेळी याकोब भावापुढे सात वेळा जमिनीपर्यंत लवतो आणि आपली भेट स्वीकारण्याची विनवणी करताना तिच्यासाठी ‘आशीर्वाद’ हाच शब्द वापरतो. जे लुबाडले, तेच तो शब्दरूपाने परत करू पाहत असतो. एसावला आधीच दुर्जन ठरवणाऱ्या वाचकाला ही परतफेड दिसत नाही. एसावइतकीच याकोबाचीही त्यात हानी होते.