आठवी-नववीचा रिकामा कप्पा

आठवीतल्या मुलाला मराठीतलं काय वाचायला द्यावं, असं कुणी विचारलं की उत्तर तयारच असतं. ‘श्यामची आई’, ‘फास्टर फेणे’, ‘गोट्या’, ‘एक होता कार्व्हर’. फार झालं तर ‘बोक्या सातबंडे’ आणि ‘तोत्तोचान’. शाळेचा बक्षीस समारंभ असो, मुंज असो की वाढदिवस, फिरून फिरून हीच पुस्तकं हातात पडतात. यातलं एकही पुस्तक वाईट नाही. तरी यादी नीट पाहिली तर तिच्यात वाचणाऱ्याच्या आवडीपेक्षा सुचवणाऱ्याच्या आठवणी जास्त दिसतात. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात लिहिली ती १९३३ साली; वीणा गवाणकरांचा ‘कार्व्हर’ आला १९८१ मध्ये. आजच्या चौदा वर्षांच्या मुलाचे आजी-आजोबा आणि आईवडील जे वाचून मोठे झाले, तेच त्याच्या पुढ्यात येतं. वर ‘वाच, संस्कार होतील’ अशी पुस्तीही जोडलेली असते. चौदा वर्षांच्या वाचकाला पळवून लावायला तेवढं पुरेसं आहे.

किशोरवयीनांसाठी पुस्तक सुचवणं ही एक कला आहे आणि मराठीत तिची स्थिती बरी नाही. पुस्तकं नाहीत, अशी तक्रार नेहमी होते. माझं म्हणणं वेगळं आहे. या वयाची उत्तम पुस्तकं मराठीत आहेत, फक्त ती किशोर साहित्याच्या कप्प्यात नाहीत. ती प्रौढांच्या कपाटात, आत्मचरित्रांत आणि अनुवादांत विखुरलेली आहेत.

आधी त्या कप्प्यात काय आहे ते पाहू. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे हा त्यातला सर्वांत धडधाकट रहिवासी. फुरसुंगीचा हा काटकुळा पोरगा पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, सायकल पिटाळतो, नको तिथे नाक खुपसतो आणि ‘टॉक्’ करून संकटाला भिडतो. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला होता. कथा पळती कशी ठेवायची हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मुख्य म्हणजे ते वाचकाला शहाणं करायला निघाले नव्हते. त्या काळच्या बालसाहित्यात ही मोठीच गोष्ट होती. पण फेणे वयानं वाढत नाही. त्याला गुन्हेगारांची भीती वाटत असेल, स्वतःची कधी वाटत नाही. आवाज फुटणं, आरशासमोर रेंगाळणं, बापाचा उगाच राग येणं यातलं काही त्याच्या वाटेला येत नाही. म्हणून दहा-अकराव्या वर्षी तो जिवलग असतो आणि चौदाव्या वर्षी धाकटा भाऊ वाटायला लागतो. २०१७ साली त्याच्यावर चित्रपट निघाला, तेव्हा तिथला फेणे थेट तरुण करावा लागला, तो काही उगाच नाही.

फेणेनंतर कप्पा विरळ होत जातो. साहित्य अकादमी २०१० पासून बालसाहित्याचा पुरस्कार देते. मराठीतले अलीकडचे मानकरी पाहिले तर त्यात सलीम मुल्ला यांची ‘जंगल खजिन्याचा शोध’ (२०१९), संजय वाघ यांची ‘जोकर बनला किंगमेकर’ (२०२१) आणि भारत सासणे यांची ‘समशेर आणि भूतबंगला’ (२०२४) या कुमारांच्या हाती देता येतील अशा कादंबऱ्या आहेत. त्याच रांगेत एकनाथ आव्हाड यांचा लहानग्यांसाठीचा कवितासंग्रहही आहे. सहा वर्षांचं मूल आणि सोळा वर्षांची मुलगी यांना अकादमी एकाच वर्गात बसवते. प्रकाशकांच्या याद्या आणि ग्रंथालयांची कपाटंही तेच करतात. नियतकालिकांनी मात्र हा मधला वाचक धरून ठेवला आहे. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक आता इंटरनेटवर फुकट वाचता येतात. ‘साधना’चा बालकुमार दिवाळी अंक आहे, ‘वयम्’ आहे. पण मासिकाचा ऐवज म्हणजे कथा, कविता, लेख. दोनशे पानं एका माणसाच्या डोक्यात राहायची सवय मासिकातून लागत नाही, ती कादंबरीच लावते.

मग ती कादंबरी कुठे आहे? मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ २००४ साली मौजेनं काढली तेव्हा तिच्यावर किशोर कादंबरी असा शिक्का नव्हता. नववीतला मुकुंद जोशी, अर्धवट बांधलेल्या इमारतीत जमणारे चार मित्र, वर्गातली शिरोडकर आणि बाहेर आणीबाणी. बोकिलांनी साधलं आहे ते असं, की मुकुंदला जेवढं कळतं तेवढंच वाचकाला कळतं. प्रौढ लेखक मागून येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवत नाही, ‘मोठेपणी मला समजलं’ असं म्हणत नाही. कुणी कुणाला ‘लाइन’ देतं यावर ही मुलं ज्या गांभीर्यानं खल करतात, त्याची चेष्टा होत नाही आणि कौतुकही होत नाही. ही पोरं बोलतात तशीच बोलतात, त्यात चावटपणा आहे, शिव्याही आहेत. पालक नेमके इथेच बिचकतात आणि पुस्तक दहावीनंतर द्यायचं ठरवतात. दहावीनंतर ‘शाळा’ ही आठवण होते. नववीत ती बातमी असते. ज्या वयाची गोष्ट त्या वयातच पोचली पाहिजे.

प्रकाश नारायण संतांचा लंपन याहून नाजूक. ‘वनवास’ १९९४ मध्ये आलं, मग ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे सीमाभागातल्या गावात राहणारा हा मुलगा कानडी वळणाची मराठी बोलतो, त्याला जग ‘मॅड’ वाटतं आणि कुठलीही गोष्ट सांगताना तो भलताच मोठा आकडा ठोकून देतो. सुमी आसपास असली की त्याच्या आत काहीतरी होतं, ते काय हे त्याला कळत नाही आणि संतही सांगत नाहीत. पौगंडावस्था इतक्या अलगद मराठीत दुसऱ्या कुणी पकडलेली नाही. पण इथे सुचवणाऱ्याची खरी परीक्षा आहे. लंपनच्या कथांत घडत फारसं नाही. फेणेवरून थेट लंपनकडे आणलेला मुलगा विसाव्या पानावर पुस्तक मिटेल आणि ‘मराठी बोअर आहे’ म्हणेल. लंपन आधीच वाचणाऱ्या, थोड्या एकट्या राहणाऱ्या मुलासाठी आहे. २०२४ मध्ये त्याच्यावर वेब मालिका आली. ती आधी पाहून पुस्तकाकडे येणाऱ्याला बिचकवू नये. कुठल्याही दारातून आत आला तरी चालेल.

हे झालं पांढरपेशा बालपणाचं. शाळेत जायला मिळणं हीच लढाई असलेली किशोरावस्था पाहायची तर आनंद यादवांची ‘झोंबी’ (१९८७) आहे. बाप मळ्यात राबायला लावतो, पोराला शिकायचं आहे, आणि ती ओढाताण पानोपानी चालते. पुस्तक जाड आहे, म्हणून सुरुवात व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’पासून (१९५५) करावी. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर आलेला कोवळा मास्तर, वाक्यं छोटी, पानं थोडी. कंटाळा करणाऱ्या वाचकाला देण्याजोगं याहून चांगलं पुस्तक मला माहीत नाही. दलित आत्मकथनांतली शाळेची प्रकरणं तर या वयासाठी वेगळी काढून वाचून दाखवावीत अशी आहेत. वर्गात कोण कुठे बसतं, हा प्रश्न त्या वयाच्या मुलांना रोज दिसतो आणि किशोर म्हणून लिहिलेल्या पुस्तकांत फारसा येत नाही.

मुलींच्या बाबतीत उणीव अधिकच टोचते. मराठीतले गाजलेले किशोर नायक आठवा: श्याम, गोट्या, फेणे, बोक्या, लंपन, मुकुंद. सगळे मुलगे. ताम्हनकरांनी गोट्याबरोबर ‘चिंगी’ही लिहिली, पण लोकांच्या लक्षात राहिला गोट्या. मग तेरा वर्षांच्या मुलीला काय द्यायचं? माझं पहिलं उत्तर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. अकराव्या वर्षी लग्न झालेली ही बाई सासरा, नवरा आणि स्वतः यांच्याकडे ज्या मिस्कील नजरेनं पाहते, ती आजच्या मुलीला चटकन आपली वाटते. दुसरं, उर्मिला पवारांचं ‘आयदान’ (२००३): बांबूची आयदानं विणणारी आई, कोकणातली शाळा, जातीचे चटके आणि वयात येणाऱ्या मुलीचं शरीर, हे सगळं न लाजता सांगितलेलं. आणि शांता शेळक्यांनी ‘लिटल विमेन’वरून केलेली ‘चौघीजणी’, जी पिढ्यान्‌पिढ्या मुलींनी एकमेकींना दिली आहे.

अनुवादांत माझ्या मते अव्वल राम पटवर्धनांचं ‘पाडस’. मार्जोरी रॉलिंग्जच्या ‘द यर्लिंग’चा हा अनुवाद. फ्लोरिडातल्या रानात राहणाऱ्या ज्योडीच्या बापाला साप चावतो. विष ओढून घ्यायला हरणाचं काळीज हवं, म्हणून तो एक हरिणी मारतो. तिचं पाडस ज्योडी घरी आणतो. पाडस वाढतं आणि कुटुंबाचं पोट ज्या पिकावर आहे तेच खायला लागतं. पुढे जे करावं लागतं त्यात कुणीही दुष्ट नाही. प्रेम आणि पोट यांत निवड करायची वेळ आली की बालपण संपतं, हे या पुस्तकात उपदेशाचा एकही शब्द न खर्चता घडतं. किशोर कादंबरीकडून याहून जास्त काय मागायचं?

पण नुसती यादी दिली की काम झालं, असं नाही. सुचवणाऱ्यानं ‘तुला काय आवडतं?’ असं विचारू नये; त्या वयात याचं उत्तर खांदे उडवणं असतं. ‘शेवटचं कोणतं पुस्तक अर्धवट टाकलंस आणि कुठे?’ असं विचारावं. उत्तरात सगळं कळतं: वर्णनाला कंटाळा आला, नावं लक्षात राहिनात, की अक्षरच जड गेलं. इंग्रजी माध्यमातल्या मुलांचं बहुधा हे तिसरं कारण असतं. ‘पर्सी जॅक्सन’ ती दोन दिवसांत संपवतात. मराठी मात्र जोडाक्षरं लावत वाचतात आणि त्यांना वाटतं, पुस्तकच संथ आहे. अशांना दीडशे पानांच्या आतलं द्यावं, किंवा ऑडिओ ऐकता ऐकता डोळ्यांनी पुस्तक धरायला सांगावं. एकाऐवजी तीन पुस्तकं द्यावीत आणि दोन टाकून द्यायची मुभा ठेवावी. वाचून झाल्यावर ‘काय शिकलास?’ हा प्रश्न मात्र कुणीही, कधीही विचारू नये.

चोरून वाचलेल्याचीही धास्ती घेऊ नये. पाठ्यपुस्तकाच्या आड बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार वाचणाऱ्या, मग नारायण धारपांनी झोप उडवलेल्या आणि सुहास शिरवळकरांच्या ‘दुनियादारी’वर जीव टाकलेल्या पिढ्यांना ती पुस्तकं कुणी सुचवली नव्हती. वाचनाची चटक तिथेच लागली. आज एखादी मुलगी मोबाइलवर कॉलिन हूवर वाचत असेल तर तेही त्याच जातीचं वाचन आहे. तिच्या हातून ते काढून घेण्यापेक्षा त्याच्या शेजारी ‘शाळा’ ठेवणं शहाणपणाचं.

तरीही जुन्या खजिन्यावर किती दिवस भागवायचं? नीट आणि जेईईच्या क्लासमध्ये हरवलेली अकरावी, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून काढून टाकलेला मुलगा, ऊसतोडीला आईबापांबरोबर जाऊन दर वर्षी शाळा अर्धी सोडणारी बीडची मुलगी, हे सगळं मराठी कादंबरीत आजच्या पंधरा वर्षांच्या आवाजात यायला हवं. तसं लिहिणारा लेखक येईल तेव्हा येईल. शाळेच्या ग्रंथपालाला मात्र त्याची वाट पाहायचं कारण नाही. प्रौढांच्या कपाटातली ‘शाळा’, ‘बनगरवाडी’, ‘आयदान’, ‘स्मृतिचित्रे’ आणि ‘पाडस’ यंदाच उचलून आठवी-नववीच्या मुलांच्या हाताला लागतील अशा फळीवर आणावीत, आणि कोण काय नेतं याची चौकशी करू नये.