यहोशाफाटाची फुटलेली गलबते

भिवंडी हे भागीदारीवर चालणारे शहर. मागाची शेड एकाची, सूत दुसऱ्याचे आणि कापडाला गिऱ्हाईक शोधणारा तिसराच, अशी येथील रीत. टेमघरात राहून जुना करार वाचताना यहोशाफाट राजाच्या गलबतांची कथा आम्हांस थांबविते ती याच कारणाने. ख्रिस्तपूर्व नवव्या शतकातील यहूदाचा हा राजा. त्याने २५ वर्षे राज्य केले. पवित्र शास्त्रात ही कथा दोनदा आली आहे, आणि दोन लेखकांनी ती दोन तऱ्हांनी सांगितली आहे. तिच्यावर जी प्रवचने आम्ही ऐकली, आणि स्वतःही केली, त्यांत हा भेद बहुधा पुसला जातो.

राजांच्या पहिल्या पुस्तकाचा २२वा अध्याय प्रथम पाहावा. अदोमात त्या वेळी राजा नव्हता, केवळ एक अधिकारी कारभार पाहत होता, असे लेखक आधीच नोंदवितो. म्हणजे तांबड्या समुद्रावरील एसयोन-गेबेर बंदराची वाट यहूदाला मोकळी होती. याच बंदरातून शलमोनाने हिरामाच्या खलाशांच्या साह्याने ओफीरहून ४२० किक्कार सोने आणविले होते. (ग्रीक भाषांतरात या नावाचे रूप ‘सोफीर’सारखे आढळते, त्यावरून काही विद्वानांनी ओफीर म्हणजे आपल्या वसईजवळील सोपारे ठरविले. पुरावा तोकडा आहे; पण वसईकरांना हे ऐकावयास गोड वाटते, त्यांना आम्ही का दुखवावे?) यहोशाफाटाने तीच वाट धरली, गलबते बांधली, आणि ती बंदरातच फुटली. का फुटली, हे लेखक सांगत नाही. इस्राएलचा राजा अहज्या म्हणतो, माझी माणसे तुझ्या माणसांबरोबर जाऊ देत. यहोशाफाट नकार देतो. लगेच राजाच्या मृत्यूची नोंद येते.

इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात, २०व्या अध्यायात, हेच चित्र पालटते. येथे भागीदारी आरंभापासूनच आहे, अहज्या दुराचारी आहे, आणि मारेशाचा एलियेझर हा संदेष्टा राजास सांगतो की, या संगतीमुळेच परमेश्वराने तुझे काम मोडले. प्रश्नाला जागाच उरत नाही. शिवाय गलबते ओफीरला नव्हे तर तार्शीशला निघालेली आहेत. तार्शीश हे पुष्कळ अभ्यासक भूमध्य समुद्राच्या पश्चिमेस मानतात. तांबड्या समुद्रातून तेथे जावयाचे तर अवघ्या आफ्रिकेला वळसा पडेल! जुन्या ग्रंथातील ‘तार्शीशची गलबते’ हा मोठ्या सागरी जहाजांचा प्रकार होता. नंतरच्या लेखकाने ते जाण्याचे ठिकाण समजले असावे. त्याचे लक्ष मार्गाकडे नव्हते, बोधाकडे होते.

सेमिनरीत आम्हांस दोन्ही वृत्तांतांचा मेळ घालावयास शिकविले: आधी भागीदारी, मग नाश, मग शहाणपणाचा नकार. मेळ बसतो, पण पहिल्या लेखकाचे मौन त्यात हरवते.

इतिहासकाराला कमी लेखावे असे आमचे म्हणणे नाही. व्यापारी करार हा अपराध, असेही तो मानीत नाही. मूर्तिपूजक हिरामाशी शलमोनाने जोडलेल्या संबंधातून मंदिर उभे राहिले, त्याबद्दल दोषाचा शब्दही नाही. त्याचे खरे सामर्थ्य १८व्या अध्यायाच्या पहिल्याच वाक्यात दिसते. तेथे राजाचे विपुल धन आणि अहाबाशी जोडलेली सोयरीक तो शेजारी शेजारी ठेवतो आणि पुढे जातो. ज्याने लेव्यांना नियमशास्त्राचे पुस्तक देऊन गावोगाव शिकविण्यास पाठविले, त्याच राजाने अहाबाची कन्या अथल्या सून म्हणून घरात आणली. पुढे त्याच अथल्येने राजवंशाचा संहार मांडला. एक तान्हा योवाश सहा वर्षे मंदिरात लपविला गेला म्हणून दाविदाचे घराणे वाचले. येथे कारण आणि परिणाम माणसांच्या जीवनातून चालत येतात. त्यापुढे गलबतांचा प्रसंग आम्हांस घाईने लिहिलेला वाटतो. दुर्दैवाने प्रवचनाला सोपा तोच आहे.

काही वर्षांपूर्वी एका शुक्रवारी आम्ही तो सोपा मार्ग पत्करला. संगत चुकली की देव धंदा मोडतो, असे ठासून सांगितले. तिसऱ्या बाकावर एक गृहस्थ बसले होते. भागीदार उधारीचे सूत उचलून नाहीसा झालेला, माग विकावे लागलेले, कर्ज अंगावर. भागीदार आपल्याच धर्माचा, मिस्सा न चुकविणारा होता, हे आम्हांस नंतर कळले. मिस्सा संपल्यावर ते दाराशी थांबले आणि म्हणाले, “फादर, मग माझं नेमकं काय चुकलं, तेवढं सांगा.”

आम्ही इतिहासाच्या पुस्तकातून बोललो होतो. त्यांच्याजवळ होते ते राजांच्या पुस्तकातील एवढेच, की गलबते बंदरात फुटली. आम्ही त्यांना प्रार्थना करण्यास सांगितले आणि आत निघून आलो. ते अजूनही येतात, त्याच बाकावर बसतात. त्या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्यांना अद्याप दिलेले नाही, आणि क्षमाही मागितलेली नाही.