मोडीचा भाव

राक्षस मारणे एकवेळ सोपे. त्याच्या घरातले सामान विकणे कठीण. आपल्या पुराणांनी हा प्रश्न शिताफीने टाळला आहे. रावण पडल्यावर रामाने लंका बिभीषणाच्या हवाली केली आणि तो अयोध्येला निघाला. त्यामुळे सोन्याच्या विटांना काय भाव आला, पुष्पक विमानावर घसारा किती धरला, हे वाल्मीकींना लिहावे लागले नाही. या प्रश्नाला हात घालण्याचे धाडस केले ते अमेरिकेतल्या गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी. त्यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली निघाला, आणि तेव्हापासून शूर लोक ड्रॅगनच्या गुहेतून बाहेर पडल्याबरोबर विचारू लागले, "हे विकायचं कुठे?"

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. चारपाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एकेक पात्र घेतो. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. एक जण सूत्रधार. भुयारे, राक्षस, गावकरी, पाऊसपाणी ही सगळी खाती त्याच्याकडे. बाकी निकाल फाशांवर. आमच्याकडे सूत्रधार माझा भाचा आहे, आणि एखादे डोके कमी पडले की मला बसवतात. गणपतीच्या नाटकात ऐनवेळी शिपाई उभा करतात तसे. खेळायचे म्हणून मी नियमांची पुस्तके वाचली. लढायांची प्रकरणे बाजूला ठेवून आधी दरपत्रक काढले. जो माणूस हॉटेलातले मेनूकार्ड उजवीकडून वाचतो, त्याच्याकडून दुसरी अपेक्षा करू नये.

तर मूळ खेळात पैशाला फार मान होता. भुयारातून सुखरूप घरी आणलेल्या एका सोन्याच्या मोहरेला अनुभवाचा एक गुण मिळे. जितकी तिजोरी मोठी, तितका माणूस अनुभवी. हा नियम मला अमेरिकेचा न वाटता आमच्या नातेवाइकांचा वाटला. पण खेड्याखेड्यातून असे अनुभवी लोक हिंडू लागल्यावर महागाई होणारच. १९७८ च्या पुस्तकात गायगॅक्सने तिचे कारणही दिले आहे: अलास्कात सोने सापडले तेव्हा तिथे एक अंडे एका डॉलरला जात होते, तुम्ही ज्या मुलखात फिरता तोही तसाच समजा. एवढे स्पष्टीकरण आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याने मला कधी दिलेले नाही.

हे झाले खरेदीचे. विक्रीचा नियम आणखी सुटसुटीत आहे: अर्धी किंमत. २०१४ च्या आवृत्तीत लांब तलवार १५ मोहरांना मिळते. चांगल्या स्थितीत परत नेली तर साडेसात. पायापासून डोक्यापर्यंतचे पोलादी चिलखत १५०० ला, विकताना ७५०. राक्षसाच्या अंगावरून उतरवलेले चिलखत मात्र सहसा विकण्याच्या लायकीचे नसते, असेही लिहून ठेवले आहे. हे पटते. त्याला पोचे आपणच पाडलेले असतात. पण पुढे म्हटले आहे की हिरे, माणके आणि दागिने यांना बाजारात पूर्ण किंमत येते. इथे मी पुस्तक मिटले. हा नियम लिहिणारा सोनाराच्या दुकानाची पायरी चढलेला नाही. पाटल्या मोडायला नेल्यावर घट कशी निघते, मजुरी कुठे जाते आणि तराजू कुणाच्या बाजूने श्वास घेतो, हे त्याने एकदा पाहावे. ड्रॅगन त्यामानाने सरळ असतो.

दरपत्रक लिहिणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे, याचा पुरावा म्हणजे शिडी. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत दहा फुटी शिडीला तांब्याचे पाच पैसे पडत आणि दहा फुटी काठीला चांदीची दोन नाणी, म्हणजे वीस पैसे. आता शिडी म्हणजे काय? दोन काठ्या आणि मध्ये पायऱ्या. पाच पैशांना शिडी घ्या, मोडा, दोन्ही काठ्या अर्ध्या किमतीने विका. हातात वीस पैसे. पैसे चौपट, वर पायऱ्या जळणाला. हिशोबी खेळाडूंच्या नजरेतून हे सुटले नाही. २०१४ च्या आवृत्तीत शिडी दहा पैसे आणि काठी पाच पैसे असा दर आहे. दोन काठ्यांचे बरोबर दहा झाले. म्हणजे पायऱ्या फुकट, सुताराची मजुरीही फुकट. एका अन्यायाची दुरुस्ती दुसऱ्या अन्यायाने करायची ही पद्धत आपल्याला नवी नाही.

मी हे भाच्यापुढे मांडले. तो म्हणाला, "मामा, अर्धी किंमत अर्थशास्त्रासाठी नाहीये. पूर्ण मिळाली असती ना, तर राजकन्या भुयारात राहिली असती आणि तू इथे शिड्या मोडत बसला असतास."

मुलगा माझ्या बहिणीवर गेला आहे. बोलतो ते खरे असते. हा नियम व्यापाराचा नाहीच. शूरांचे दुकानदार होऊ नयेत म्हणून घातलेले ते कुंपण आहे. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने ते आणखी उंच केले: जादूची वस्तू विकायची तर पाचवा हिस्सा घ्या आणि चालू लागा. ज्यांना व्यापारच करायचा आहे त्यांच्यासाठी वेगळा खेळ आहे. मार्क मिलरचा 'ट्रॅव्हलर', १९७७ चा. त्यात अंतराळयानातून माल न्यायचा, या ग्रहावर घ्यायचा, त्या ग्रहावर विकायचा. भाव फाशांवर, दलालाची दलाली वेगळी. यान कर्जाने मिळते. पाचवा हिस्सा रोख, मग किमतीचा २४० वा भाग दरमहा, असे ४८० महिने. म्हणजे चाळीस वर्षे हप्ते आणि यानाची किंमत दोनदा फेडून वर पाचवा हिस्सा. माणूस ताऱ्यांपर्यंत पोचला तरी बँक आधी जाऊन बसलेली आहे, हे वाचून मला परक्या ग्रहावर घरच्यासारखे वाटले.

तेव्हा कुंपण मला मान्य आहे. माझे भांडण वेगळे आहे, आणि ते एका ढालीवरून झाले.

आमच्या मंडळीत एक मुलगी योद्धा होती. एका पुलावर आम्हाला पळायला वेळ मिळावा म्हणून ती मागे थांबली आणि पडली. त्याच महिन्यात तिला दुसऱ्या गावी नोकरी लागली आणि टेबलावरची तिची खुर्चीही रिकामी झाली. तिची ढाल माझ्याकडे आली. पुढच्या गावात दोरखंड घ्यायला पैसे नव्हते. कोणीतरी म्हणाले, ढाल काढा. भाच्याने पुस्तकही उघडले नाही. "ढाल दहाची. पाच मोहरा. लिहून घे, मामा."

मी म्हटले, "अरे, दुकानदार काही विचारणार नाही? कुणाची, कुठून आणली, हा पोचा कसला?"

"दुकानदार नाहीये, मामा. नियम आहे."

माझा आक्षेप तो हा. बोहारीणसुद्धा जुना शालू हातात घेतल्यावर जर उलटून बघते, "लग्नातला का, बाई?" म्हणते, आणि मगच पातेले लहान करते. ती लुबाडते, पण विचारून लुबाडते. पाच मोहरांचे दुःख नाही. त्या पाच मोहरांसाठी कोणाच्या डोळ्याला डोळा द्यावा लागला नाही याचे आहे. एरवी या खेळात रस्त्यावरचा भिकारीही बोलतो. तोंड शिवलेला माणूस एकच, तो म्हणजे गल्ल्यावरचा.

यावर उतारा त्यांच्याच घरात आहे. २०१७ च्या 'झॅनाथार्स गाइड टू एव्हरीथिंग' या पुस्तकात जादूची वस्तू विकायची एक ऐच्छिक रीत दिली आहे. आठवडाभर वेळ आणि २५ मोहरा खर्चून गिऱ्हाईक शोधायचे, मग आपल्या वाक्चातुर्यावर फासा टाकायचा. निम्मी किंमत येईल, पूर्ण येईल, दीडपटही येईल. भाव पटला नाही तर वस्तू घेऊन घरी यायचे. आठवडा मात्र गेला. सगळ्या नियमांत मला हा उजवा वाटतो. दीडपटीसाठी नव्हे. यात समोर माणूस आहे, आणि 'नाही' म्हणण्याची सोय आहे. काठ्या, शिड्या, दोरखंड खुशाल अर्ध्या किमतीत जाऊ द्यावेत; त्यांच्यासाठी आठवडा कोण घालवतो? पण जिच्यामागे एखादी गोष्ट आहे अशी वस्तू, जादूची असो वा नसो, या दुसऱ्या रांगेत उभी करावी, एवढीच माझी दुरुस्ती.

भाच्याने ती अजून मंजूर केलेली नाही. ढाल मी विकलेली नाही. पुस्तकात तिचे वजन सहा पौंड दिले आहे. तेवढे ओझे मी वाहतो, आणि दोरखंडावाचून माझे जे काय अडते ते अडू देतो.