ओटीवरची कहाणी आणि वहीतली नोंद : ‘रूट्स’चे पुनर्वाचन

आपल्या घराण्याचा मागोवा घेण्याचा छंद आता आपल्या धर्मग्रामांतही चांगलाच रुजला आहे. नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ सकाळच्या मिस्सानंतर चर्चच्या कार्यालयात पणजोबांच्या बाप्तिस्म्याची चौकशी करू लागतात. परदेशी वाढलेली नातवंडे सुटीत घरी आली की आजीला प्रश्न विचारून भंडावून सोडतात. एखाद्या दांपत्याच्या विवाहाच्या सुवर्णमहोत्सवात पाहुण्यांच्या हाती घराण्याची छोटी पुस्तिका पडते. या पुस्तिकांचे परीक्षण कोणी करीत नाही. ते व्हावे असे आम्हांस फार दिवस वाटत आले आहे. परंतु घरगुती प्रेमाने छापलेल्या पंचवीस-तीस पानांवर समीक्षकाची लेखणी चालविणे बरे दिसत नाही. म्हणून ज्या ग्रंथाने सामान्य माणसाला या छंदाचे वेड लावले, तोच आम्ही येथे पुन्हा वाचावयास घेतला आहे. अमेरिकन लेखक अलेक्स हेली यांचा ‘रूट्स’ हा तो ग्रंथ. रूट्स म्हणजे मुळे.

हा ग्रंथ १९७६ साली प्रसिद्ध झाला. १९७७ च्या जानेवारीत त्यावरील मालिका अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर सलग आठ रात्री दाखविली गेली आणि त्याच वर्षी हेली यांना विशेष पुलित्झर पुरस्कार मिळाला. तोवर वंशावळ हा उमराव घराण्यांचा, फार तर जुन्या वसाहतवाल्यांचा मिजाशी उद्योग मानला जात असे. हेली हे गुलामांचे वंशज. टेनेसी राज्यातील हेनिंग या छोट्या गावी आजी सिंथिया आणि तिच्या बहिणी ओटीवर बसून एका ‘आफ्रिकन’ पूर्वजाच्या गोष्टी सांगत, त्या ऐकत ते वाढले. हा पूर्वज आपले नाव ‘किंटे’ सांगे; गिटारला ‘को’ म्हणे आणि नदीला ‘कॅम्बी बोलोंगो’; ढोलासाठी लाकूड तोडावयास गेला असता त्याला पकडून जहाजात घातले होते. एवढे चार-दोन शब्द पिढ्यान् पिढ्या तोंडोतोंडी आले. यान व्हान्सिना या आफ्रिकाविषयक विद्वानांनी ते मंडिंका भाषेतील असल्याचे सांगितले, आणि कॅम्बी बोलोंगो म्हणजे गांबिया नदी असावी असे निघाले. ग्रंथाचा खरा जन्म या ओटीवर झाला आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

कादंबरी म्हणून ‘रूट्स’ सर्वत्र सारखी उतरलेली नाही. कुंटा किंटे याच्या बालपणाचा आफ्रिकेतील भाग विस्तृत आणि सुरेख आहे, पण तो जरा अधिकच सुरेख आहे. तेथील माणसे माणसांपेक्षा आदर्शच अधिक वाटतात. कोंबड्यांच्या झुंजी लावणारा चिकन जॉर्ज मात्र जिवंत उतरला आहे. आणि मधला एक प्रसंग तर कोणाही मोठ्या कादंबरीकाराने हेवा करावा असा आहे. कुंटा हा आपले वय मोजण्यासाठी प्रत्येक अमावास्येनंतर चंद्रकोर दिसली की भोपळ्यात एक खडा टाकीत असतो. मालक त्याची मुलगी किझी हिला विकून टाकतो. बाप तिच्या पावलाच्या ठशाची माती ओंजळीत उचलून घेतो, झोपडीत येतो, आणि तो खड्यांचा भोपळा उचलून आपटतो. ज्याला पुढे सांगावयास मूल उरले नाही, त्याला मोजणीचा काय उपयोग? घराण्याचा इतिहास म्हणजे काय आणि तो हरवणे म्हणजे काय, हे दाखविणारे याहून बोलके पान आमच्या वाचनात नाही.

वाद आहे तो शेवटच्या मोजक्या प्रकरणांविषयी. तेथे कादंबरीकार बाजूला होतो आणि हेली स्वतः ‘मी’ म्हणून बोलू लागतात. आपण गांबियातील जुफुरे गावी गेलो. तेथे पिढ्यांचा इतिहास मुखोद्गत असलेल्या एका वृद्धाने किंटे कुळाची कथा सांगताना लाकूड तोडावयास गेलेल्या आणि परत न आलेल्या कुंटाचे नाव घेतले. मग लंडनच्या आणि अमेरिकेच्या दप्तरांत ‘लॉर्ड लिगोनियर’ हे जहाज सापडले. ते २९ सप्टेंबर १७६७ रोजी ॲनापोलिस बंदरास लागले होते. आणि १७६८ च्या एका दस्तऐवजात वॉलर कुटुंबातील एका भावाने दुसऱ्यास दिलेल्या मालमत्तेत ‘टोबी’ नावाचा गुलाम होता. तोच कुंटा, असे हेली सांगतात. सात पिढ्यांची साखळी येथे पूर्ण होते आणि वाचकाचा कंठ दाटून येतो.

पण साखळीची कडी न् कडी तपासणारे लोकही असतात. १९७७ सालीच एका ब्रिटिश पत्रकाराने जुफुरेला जाऊन शोध घेतला, तेव्हा हेली कशाच्या शोधात येत आहेत याची गावकऱ्यांना आगाऊ कल्पना होती असे आढळले. १९८१ साली गॅरी मिल्स आणि एलिझाबेथ शॉन मिल्स या संशोधक दांपत्याने व्हर्जिनियातील कागद चाळले. वॉलरांचा टोबी हा जहाज येण्याच्या पाच वर्षे आधीपासून, म्हणजे १७६२ पासून, कागदोपत्री दिसत होता. आणि ग्रंथात जिचा जन्म १७९० चा आहे त्या किझीच्या जन्माच्या कितीतरी आधी तो कागदांतून नाहीसा झाला होता. त्याच वर्षी डोनाल्ड राइट या इतिहासकाराने जुफुरेच्या वृद्धाच्या साक्षीवर भिस्त ठेवता येत नाही असे दाखविले. शिवाय हॅरल्ड कोरलँडर यांच्या ‘द आफ्रिकन’ या १९६७ च्या कादंबरीतील काही मजकूर ‘रूट्स’मध्ये आल्याचा दावा न्यायालयात गेला आणि १९७८ साली साडेसहा लाख डॉलर देऊन तो मिटविण्यात आला.

या शेवटच्या गोष्टीचा विचार वाङ्मयीन प्रामाणिकपणाच्या खात्यात करावा लागेल, आणि ती क्षुल्लक नाही. आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते ती मात्र जुफुरेची कथा. तेथे कोणी ठरवून खोटे बोलले असे आम्ही म्हणणार नाही. पाहुणा दूरदेशाहून आला होता, त्याला काय ऐकावयाचे आहे ते दिसत होते, आणि यजमानाने ते दिले. ज्याने कधी आपल्या गावी जाऊन ‘आमचे मूळ घर कोणते?’ असे विचारले असेल, त्याला ही माया परिचयाची आहे. विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरच उत्तर लिहिलेले असते. हेली यांनी आपल्या लेखनास ‘फॅक्शन’ म्हणजे वस्तुस्थिती आणि कल्पित यांचे मिश्रण असे नाव दिले होते. आपल्या लोकांना उराशी धरावयास एक पुराणकथा द्यावी, असा आपला हेतू असल्याचेही त्यांनी सांगितले. हेतू थोर होता. पण पुराणकथा सांगावयाची असेल तर जहाजाची तारीख आणि दस्तऐवजाचा हवाला कशासाठी? सांधा कोठे आहे हे वाचकाला दिसू न देणे, हाच या ग्रंथाचा दोष होय.

येथे आपल्या वाचकांपैकी एखादा शुभवर्तमानाकडे बोट दाखवील, आणि ते रास्तच आहे. मत्तयाने प्रभू येशूची वंशावळ चौदा-चौदा पिढ्यांच्या तीन ओळींत बसविली, त्यासाठी काही राजे गाळले. लूकची वंशावळ वेगळीच. मत्तय दावीदानंतर शलमोनाच्या शाखेने येतो, लूक नाथानाच्या शाखेने जातो. मग हेलींनी काय वेगळे केले? वेगळे हे की मत्तय हा साक्ष देतो, शोध लावल्याचा आव आणीत नाही. आणि ख्रिस्तसभेने दोन्ही वंशावळी, त्यांतील विसंगतीसकट, शेजारी शेजारी जपून ठेवल्या. एक खोडून दुसरी नीट करावी असे तिला वाटले नाही. हाच सांधा उघडा ठेवणे. (पौलाने तीमथ्याला लिहिताना अंतहीन वंशावळींच्या नादी लागू नये असा इशारा दिला आहे, हेही जाता जाता सांगून ठेवतो. तो वाद वेगळा होता, पण वाक्य उपयोगी आहे.)

आता आपल्या पुस्तिकांकडे वळावयास हरकत नाही. त्यांतील जुफुरे कोणते? आमच्या मते बहुतेकांत ते पहिल्याच पानावर असते : ‘आमचे मूळ पुरुष उच्चकुलीन होते, ते अमुक गावाहून आले आणि पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झाले.’ पुरावा बहुधा एकच, तो म्हणजे आजोबा सांगत. वसई-साष्टीत ज्यांनी बाप्तिस्मा स्वीकारला त्यांत शेतकरी होते, कोळी होते, भंडारी होते, ब्राह्मणही होते. पण पुस्तिका वाचल्या तर कोणाच्याही पूर्वजाने कधी जाळे टाकले नाही की माडावर चढून ताडी काढली नाही, असे वाटावे! हेलींची मुळे गुलामापर्यंत जातात आणि ते ती मिरवितात. आम्ही मात्र ज्या विश्वासाने जातीची उतरंड मोडावयाची, त्याच्याच इतिहासात ती पुन्हा रचून ठेवतो. आडनावाचा आधारही फसवा. बाप्तिस्म्याच्या वेळी पोर्तुगीज धर्मपित्याचे वा धर्मगुरूचे आडनाव लावण्याची चाल होती. तेव्हा शेजारच्या दोन परेरा घरांत रक्ताचा थेंबही सामाईक नसेल, आणि एका बापाची मुले दोन आडनावांनी नांदत असतील. अलीकडे थुंकीची नळी परदेशी पाठवून टक्केवारी मागविण्याची सोय झाली आहे. पण ती टक्केवारी कोणाचे नाव सांगत नाही.

नावे सांगते ती चर्चमधली वही. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली विवाहाची नोंदवही ठेवणे धर्मगुरूंस बंधनकारक केले आणि बाप्तिस्म्याच्या धर्मपित्या-धर्ममातांची नावे लिहून ठेवावीत असे ठरविले. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने घरोघरच्या आत्म्यांची यादी ठेवण्याचीही पद्धत घालून दिली. १९०८ पासून तर विवाह कोठे व कोणाशी झाला याची टीप बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी समासात येऊ लागली. त्या एका समासाने किती घरांचे दुवे जुळतात, हे शोध घेणाऱ्यालाच ठाऊक. आणि या वहीत आईचे नाव असते. महाराष्ट्रातील अनेक घराण्यांनी अपार कष्टाने कुलवृत्तांत सिद्ध केले, शाखा-उपशाखा लावल्या. पण त्यांच्या वंशवृक्षावर पाने सगळी पुरुषांची. स्त्री ‘माहेरची अमुक’ म्हणून येते, नाव बदलून राहते, आणि मुलगी ‘दिली’ की संपते. बाप्तिस्म्याच्या प्रत्येक नोंदीत मात्र जन्मदात्री आहे, धर्ममाता आहे. मत्तयानेही तामार, राहाब, रूथ आणि उरियाची पत्नी यांना गाळले नव्हते. असे असताना आपल्या पुस्तिकाही बापाकडूनच बापाकडे का जातात, हे आम्हांस कळत नाही. मूळ पुरुषाऐवजी मूळ बाईपासून आरंभ केलेली एक पुस्तिका तरी आमच्या हाती यावी.

वाळवी, पावसाळे, १७३९ ची उलथापालथ, यांतून जे वाचले ते वाचले. वही जेथे संपते तेथे एक कोरी ओळ सोडावी आणि खाली ‘यापुढे घरात सांगतात ते असे’ असे लिहून आजोबांची कथा जशीच्या तशी द्यावी. तिच्यातील शब्द बदलू नयेत. ‘को’ आणि ‘कॅम्बी बोलोंगो’ हे शब्द हेनिंगच्या ओटीवर कोणालाही कळत नव्हते, तरी त्या बायकांनी ते सुधारले नाहीत; म्हणूनच ते उपयोगी पडले.

‘रूट्स’मधील ज्या शोधाविषयी आम्हांस शंका वाटत नाही, तो गांबियातला नव्हे, तर वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातला आहे. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांच्या वेगळ्या याद्या होत्या. त्यांत मालकाचे नाव आणि त्याखाली गुलामांचे वय, लिंग, वर्ण, बस्स. सुटका झालेल्या सर्वांची नावे प्रथम आली ती १८७० च्या जनगणनेत. हेली त्या जनगणनेतील उत्तर कॅरोलायनाच्या अलामान्स परगण्याची फिल्म फिरवीत बसले, कंटाळले, उठण्याच्या बेतात आले. आणि टॉम मरे, लोहार, हे नाव समोर आले. खाली बायको आयरीन, मग मुली. त्यांत सहा वर्षांची एलिझाबेथ. लहानपणी हेनिंगच्या ओटीवर जिच्या तोंडून त्यांनी त्या गोष्टी ऐकल्या होत्या, ती लिझ आजी.